साप कुठे चावला

माझ्या लेकीच्या छातीत दुखायचं ते फक्त पळताना. जिना चढली, दप्तर उचललं, भांडली, रडली, तेव्हा काही नाही. खो-खोत कोणाच्या मागे लागली की मात्र मध्येच थांबायची, मूठ छातीवर ठेवायची आणि तोंडाने श्वास घ्यायची. सहावीतली पोट्टी. शाळेच्या संघात सगळ्यांत चपळ, म्हणून सर तिच्यावर ओरडायचे, की ऐन वेळी कच खाते.

आमच्या घरात दुखण्याला मान नाही. माझ्या सासूबाईंच्या मते बाईमाणसाचं दुखणं कामाच्या वेळीच उपटतं आणि ताटावर बसलं की पळून जातं. त्यांनी आधी ओवा चावायला दिला. मग बेंबीला हिंग लावला. मग म्हणाल्या, उसण भरली असंन, आणि गल्लीतल्या पायाळू बाईला बोलावलं. जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले तिने पाठीवर पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. ती बाई आली, चहा प्यायली, लेकीला पालथी निजवून तिच्या पाठीवर टाच टेकवली. लेकीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळायला लागली.

‘पाहा, हासून राहिली,’ सासूबाई मला म्हणाल्या. ‘काय दुखते हिचं कप्पाळ. तूच डोक्यावर बसवून ठेवली.’

मी समोरच्या खोलीत पिको-फॉल करते, ब्लाउज शिवते. माझं तोंड फाटकं आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाईंना तर पहिल्या महिन्यातच कळलं होतं. नवरा सरकारी कचेरीत बाबू. तो कोणाशीच भांडत नाही. आई बोलली की आईचं बरोबर, मी बोलले की माझं बरोबर, आणि दोघी एकदम बोललो की त्याला बाहेर काहीतरी काम निघतं. सासरचे मूळचे हातमागवाले, उमरेडकडचे. माग गेले, आता घरात कोणाला धागासुद्धा ओळखता येत नाही, पण खानदानाचा तोरा मात्र अजून कडक इस्त्रीचा आहे.

त्या दिवशी दुपारी शाळेतून सरांचा फोन आला. ‘ताई, येऊन जा. पोरगी मैदानात बसून गेली. पांढरी पडली होती. आता बरी आहे, पण येऊन जा.’

मी मशीन तशीच सोडून निघाले. नवऱ्याला ऑफिसातून थेट दवाखान्यात यायला सांगितलं. सासूबाईंनी चपला घातल्या. मी म्हटलं, तुम्ही काहून? तर म्हणाल्या, ‘येत्या आयतवारी तुह्या धाकट्या नणदेचं साक्षगंध आहे. तू तिथं काय बोलशीन, काय नाही. तुह्या तोंडाचा मले भरोसा नाही.’ म्हणजे नात मैदानात पडली म्हणून नाही, साखरपुडा होईस्तोवर सुनेच्या तोंडावर पहारा द्यायला म्हणून त्या ऑटोत बसल्या. लेक आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. तिला एकच काळजी. ‘आई, परवा मॅच आहे. मी खेळू ना?’

दवाखान्याच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. गोड बोलण्याची तिला सवय नव्हती, मला ते बरं वाटलं. तिने लेकीला पलंगावर बसवलं आणि म्हणाली, ‘एका बोटाने दाखव, कुठे दुखतं.’

लेकीने सगळा पंजा छातीवर ठेवला.

‘एका बोटाने.’

जमेना तिला. मग डॉक्टरणीने एकेक फासळी अंगठ्याने दाबली. इथे? नाही. इथे? नाही. खोल श्वास घे. दुखतं? नाही. खोकला झाला होता? पडलीस का? कोणी मारलं? काही गिळलंस? परीक्षा आहे? लेक प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणून मान हलवत राहिली. डॉक्टरणीने तिला झोपवून छाती ऐकली, उभी करून ऐकली, उकिडवी बसवून ऐकली, पुन्हा उभी करून ऐकली. मला वाटलं, ही पोट्टीकडून काय कवायत करून घेते आहे.

‘दाबल्यावर दुखलं असतं तर मी तुम्हाला आत्ता घरी पाठवलं असतं,’ ती मला म्हणाली. ‘मुलांच्या छातीत दुखतं तेव्हा बहुतेक वेळा ते फासळीचं असतं, खोकल्याचं, पोटातल्या जळजळीचं, नाहीतर टेन्शनचं. हृदयाचं क्वचित असतं. पण हिला फक्त पळताना दुखतं आणि आज ती खाली बसली. हे मला आवडलेलं नाही.’

मग छातीला वायरी चिकटवून ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरीण ती पट्टी बराच वेळ पाहत होती. पट्टीच्या वरच्या बाजूला यंत्राने ठीक आहे असं छापलं होतं, पण तिला काही रेघा उलट्या दिसत होत्या. मुलांच्या पट्टीत थोड्या उलट्या रेघा असतातच, म्हणाली. या जरा जास्त वाटतात. छाती ऐकतानाही आवाज आल्यासारखा वाटला, पण इथल्या गलक्यात खात्री देता येत नाही. वाटतं म्हणजे वाटतंच, त्यावर ती काही ठामपणे बोलेना.

‘हृदयाची सोनोग्राफी करणारे डॉक्टर आता दुसऱ्या दवाखान्यात आहेत,’ ती म्हणाली. ‘एक तर त्यांना आत्ता बोलवायचं आणि हिला इथे ठेवायचं. नाहीतर पुढच्या आठवड्याची तारीख घेऊन घरी जायचं. त्याआधी मला एक सांगा. तुमच्या किंवा नवऱ्याच्या घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं आहे का? झोपेत, पळताना, पोहताना, असंच उभ्याउभ्या?’

मी म्हटलं, माझ्या माहेरचे सगळे दात पडेस्तोवर जगतात आणि त्यानंतरही ऐकत नाहीत. सासरी मोठे दीर गेले तरुणपणी, मी यायच्या आधी. पण ते साप चावून.

‘साप,’ ती म्हणाली, आणि सासूबाईंना आत बोलावलं.

तिची ही पद्धतच होती, ते मला नंतर कळलं. घरच्या प्रत्येक माणसाला तोच प्रश्न ती वेगवेगळं गाठून विचारायची. एकत्र विचारलं की सगळे एकाच तोंडाने बोलतात, म्हणाली. मी पलंगापाशी लेकीचा हात धरून उभी होते, मला ऐकू येत होतं.

‘कोणी नाही वं माय,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आमच्या खानदानीत कोणाचं हृदय-बिदय नाही. माझा मोठा गेला तो सापानं.’

‘कुठे चावला?’

‘गावी. वावरात.’

‘अंगाला कुठे?’

‘पायाले.’ आणि त्यांनी आपल्या उजव्या पायाचा घोटासुद्धा दाखवला.

या सापाने आमचं घर चालवलेलं आहे. नागपंचमीला आमच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा ठेवत नाहीत, ते तर सगळेच पाळतात. पण सासूबाई त्या दिवशी पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि दुधाची वाटी मागच्या दारी ठेवून थोरल्याच्या नावाने हात जोडतात. लग्न होऊन आले तेव्हा मी ते पाहून रडले होते. म्हटलं, ही बाई कशीही असो, हिने पोटचा गोळा मातीत घातलेला आहे. त्या एका दिवशी मी त्यांना उलट उत्तर देत नसे. माझी लेक तर त्या काकाच्या पायी पायपुसण्यावरही वाकून पाहून पाय ठेवायची.

तेवढ्यात नवरा आला. हेल्मेट हातात, कपाळाला घाम. डॉक्टरणीने त्याला बसूसुद्धा दिलं नाही. तोच प्रश्न. तो आईकडे पाहायला लागला, तर ती मध्ये उभी राहिली.

‘भाऊ गेला,’ तो म्हणाला. ‘साप चावला होता.’

‘कुठे?’

‘हाताले. गवत कापून राहिला होता तो.’

डॉक्टरणीने पेनचं टोपण तेवढं लावलं. मग म्हणाली, ‘आजी पायाला म्हणाल्या.’

नवरा म्हणाला, ‘असंन पायाले. लय वर्षं झाले.’

असंन! सख्खा भाऊ मेला, आणि त्याला साप कुठे चावला ते याला आठवेना. माझ्या डोक्यात अशी तिडीक उठली की हातातला लेकीचा हात मी केवढ्या जोरात दाबला असेन, ती ‘आई गं’ म्हणाली. या माणसाशी मी इतकी वर्षं संसार केला. त्याच्या चड्डीच्या नाडीपर्यंत मला माहीत. आणि हा एक साप त्या दोघांनी माझ्या उशाखाली ठेवून दिला होता.

मी म्हटलं, ‘इकडे या. दोघंही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा.’

आमच्याकडे याच्यापुढे काही नाही. कोर्टात माणूस खोटं बोलेल, देवळात बोलेल, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून बोलणार नाही. डॉक्टरणीला ते पटलं की नाही कोण जाणे. तिने मला थांबवलं नाही.

नवरा जागचा हलला नाही. सासूबाई आल्या. सरळ चालत आल्या, पदर सावरला, आणि माझ्या लेकीच्या डोक्यावर, तिच्या घामेजलेल्या भांगावर, आपला उजवा हात ठेवला. ‘सापच चावला,’ त्या म्हणाल्या. ‘आणखी काय पाहिजे तुले?’

लेक खालून त्यांच्याकडे पाहत होती. तिला शपथ म्हणजे काय ते चांगलं कळत होतं. शाळेत पेन्सिल हरवली तरी ती शपथ घालणारी पोट्टी.

मी नवऱ्याला म्हटलं, ‘आता तुम्ही.’

तो आला. हात उचलला. हात तिच्या केसांच्या वर तसाच राहिला, खाली येईना. सासूबाई म्हणाल्या, ‘ठेव ना गा. काहून भेकडासारखा उभा आहेस?’ त्याने हात मागे घेतला आणि भिंतीला टेकला. मी त्याला म्हटलं, ‘परवा ही पळेल. तिथे पडेल. मी तिला उचलणार नाही, तुम्हालाच उचलायला लावेन. आणि गल्लीत सांगेन की हिला हिच्या बापाने मारलं.’ मी हे लेकीच्या समोर बोलले. तेव्हा मला कोणाची कीव नव्हती, आजही त्या शब्दांचं वाईट वाटत नाही.

‘भरतीच्या ग्राउंडवर,’ नवरा म्हणाला. ‘पोलीस भरतीची तयारी करून राहिला होता. पळता पळता पडला. उठलाच नाही.’ मग त्याला थांबता येईना. ‘त्याच्या बी छातीत दुखे. पळाले गेला की दुखे. तो सांगे घरी. आई म्हणे भरतीले घाबरते, बहाणे करते. त्या दिवशी तो जात नव्हता. आईनं त्याले घराच्या बाहेर काढलं.’

डॉक्टरीण त्याचं बोलणं संपायच्या आतच फोनकडे गेली होती. तिच्या बोलण्यातला एक शब्द मला कळला, तो म्हणजे ‘आत्ता’. दोन सिस्टर आल्या, लेकीच्या छातीला पुन्हा वायरी लावल्या, पलंगाचे कठडे वर केले. लेकीला म्हणाल्या, बाथरूमलासुद्धा चालत जायचं नाही. मघापर्यंत जी पोट्टी घरी जाऊन वरणफळं खाणार होती, ती एकदम आजारी दिसायला लागली.

सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘झालं समाधान? आता दे दवंडी.’

मग कळलं सगळं. तेव्हा थोरल्या नणदेची सोयरीक जुळत आलेली होती. धडधाकट पोट्टा असा पळता पळता मेला म्हटल्यावर लोक विचारतील, यांच्या रक्तात काय आहे. सापाचं बरं असतं. सापाला कोणी खानदान विचारत नाही. घरातल्या घरात ठरलं, पोरांना पढवलं, गावाकडे सांगितलं नागपूरला चावला, इथे नागपूरला सांगितलं गावी चावला. नणदेचं लग्न झालं. मग माझं झालं. मला दाखवायला घेऊन गेले तेव्हा माझ्या बापाने हात जोडून या लोकांना विचारलं होतं, घरात काही आजार? आणि हीच बाई म्हणाली होती, आमच्या घरी सर्दी होत नाही.

फक्त साप कुठे चावला, ते ठरवायचं राहून गेलं होतं. इतकी वर्षं रेटलेलं खोटं, आणि कोणी त्याला एक पाय की हात द्यायची तसदी घेतली नाही. मी त्यांना म्हटलं, ‘एक लेकरू खाल्लंत. दुसरं ताटात वाढून घेतलं होतं.’

त्या म्हणाल्या, ‘मले तीन पोरी-पोरं उजवायचे होते. मेलेल्याले मी काय करू?’

हृदयाचे डॉक्टर संध्याकाळच्या आत आले. लेकीच्या छातीवर थंडगार जेल लावून पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. मला त्यात काही कळलं नाही, राखाडी राखाडी हलत होतं. ते म्हणाले, हृदयाची भिंत जाड झाली आहे. पळताना रक्त बाहेर जायची वाट अडते. हे घराण्यात येतं. रोज गोळी घ्यायची, नेमाने तपासायला यायचं, पुढे गरज पडली तर छातीत यंत्रही बसवावं लागेल. वाचेल, नीट जगेल, पण पळायचं नाही.

‘परवा नाही?’ लेकीने विचारलं.

‘परवा नाही.’

‘मंग पुढच्या मॅचले?’

‘कधीच नाही, बेटा,’ ते म्हणाले. त्यांनी रुमालाने जेल पुसलं आणि तिला फ्रॉक नीट करायला सांगितलं. लेक रडली नाही. शाळेचे बूट पलंगाखाली होते, ती वाकून त्यांच्याकडे पाहत राहिली. मी बूट पिशवीत घातले. रडायचं तर मलाच होतं, पण सासूबाईंच्या समोर मी रडत नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात ती डॉक्टरीण आली, तिची ड्युटी नसताना. सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या. डॉक्टरणीने सांगितलं की रक्ताच्या सगळ्यांची तपासणी करा. वडिलांची, दोन्ही आत्यांची, थोरल्या आत्याच्या मुलांची. कोणाला त्रास नसला तरी करा.

‘करू ना,’ सासूबाई म्हणाल्या. ‘धाकटीचं साक्षगंध होऊ दे. लग्न होऊ दे. मंग तिच्या सासरचे पाहतीन काय पाहाचं ते.’

मी तिथेच, सासूबाईंच्या तोंडासमोर, धाकट्या नणदेला फोन लावला आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. ती मेहंदीवालीशी बोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, ‘वैनी, दादाले खरंच साप नव्हता चावला?’ म्हणजे तिलाही माहीत नव्हतं. शेंडेफळ म्हणून तिच्यापासूनही लपवलेलं. मी म्हटलं, नाही. आज तपासून घे, मग मेहंदी काढ. तिने फोन ठेवला.

‘मोडलं तुनं माझ्या पोरीचं लग्न,’ सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, मोडलं तर मोडलं. पोरगी तर जिवंत राहील. डॉक्टरीण निघून गेली. नवरा गोळ्या आणायच्या निमित्ताने तिच्या मागोमाग गेला.

मग वॉर्डात आम्ही तिघी उरलो. सासूबाईंनी डबा उघडला, वरणभात कालवला, त्यावर तूप घातलं. भात त्या फार मऊ कालवतात, हे कबूल करायला हवं. लेक उशीला टेकून बसली होती. कालपासून ती आजीशी एक अक्षर बोलली नव्हती, आता बोलली.

‘आजी, मी मेली असती तं तू लोकाइले काय चावलं म्हणून सांगतलं असतं?’

मला वाटलं, आता तरी ही बाई रडेल. निदान लेकीला रागावेल, आंबट तोंड करेल, माझ्यावर उलटेल. तसं काही झालं नाही. सासूबाईंनी घास वळला आणि खरंच विचार केला, भाजीत मीठ किती घालायचं याचा करतात तेवढा.

‘तुह्यासाठी साप कशाले लागते, बाई,’ त्या म्हणाल्या. ‘पोट्टीचं कोण इचारते? ताप आला होता म्हटलं असतं.’

आणि घास पुढे केला. लेकीला सकाळपासून भूक लागली होती. तिने तोंड उघडलं.